हिरव्या दिव्याची बादली

जबाब घेण्यास सुरुवात सकाळी ११.२०. नाव विचारता सगळे मला भिंगरी म्हणतात, एका जागी ठरत नाही म्हणून. वय २२, शिक्षण सहावी नापास, धंदा मिळेल ते काम, सध्या भांड्यांना मुलामा चढवायच्या कारखान्यात. राहणार थोरल्या बहिणीकडे, नाल्याकाठची वस्ती.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, नाल्याची पार वाट लागल्यामुळे यंदा सरकारने हरित कर बसवला. कारखान्याचे पाणी नाल्यात पडते तिथे तपासणीची कांडी आहे. पाणी घाण असले की खांबावरचा दिवा लाल, नाहीतर हिरवा. लाल असेल तितके तास कर. या कारखान्याआधी मी दोन महिने ट्रकवर होतो, तिथला ड्रायव्हर झोपेत गाणी म्हणायचा. हे विषय सोडून आहे असे हवालदारसाहेब म्हणाले.

मुकादमाने मला एकच काम दिले. कांडी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची, रोज सकाळी पाणी बदलायचे. मी म्हटले, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच, राजे. दिवा हिरवा, मालक गार. डोकं चालवायचा पगार वेगळा."

वस्तीत तीन दिवस नळाला पाणी नव्हते. आज सकाळी सातला मी कारखान्याच्या नळावर बादली भरून, कांडी तीत बुडवून घरी आलो, तेव्हा ताई घागर घेऊन दारात उभी होती. आमच्या दारातून दिवा दिसत नाही. तिने विचारले, "काय रे, हिरवा आहे ना?" मी खायला बसलो होतो. मी म्हटले, "हिरवाच आहे गं."

मला वाटले नाल्याचे पाणी भांडी घासायला नेते आहे. तिने पाणी उकळून भाचीला दिले. ताई फार जपते.

भाची चार वर्षांची आहे. आठला उलट्या सुरू झाल्या, ओठ निळे पडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारतात, पाण्यात नेमके काय होते, त्याशिवाय नेमके औषध देता येत नाही. मी पळत कारखान्यावर गेलो. मुकादम म्हणाला, "कसलं पाणी? दिवा हिरवा आहे, बघ की." गोदामाला कुलूप आहे. आत निळी पिंपे आहेत, त्यांवर इंग्रजीत नाव आहे. मी रोज बघायचो. मला इंग्रजी वाचता येत नाही.

बादलीचे ताईला अजून सांगितलेले नाही.

माझे काय करायचे ते करा. आधी कुलूप तोडा आणि पिंपावरचे नाव दवाखान्यात कळवा.

जबाब वाचून दाखवू नका, वेळ जातो, असे म्हटले तरी वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे. सही केली, ११.४५. कांडी अजून बादलीतच आहे. वस्तीतल्या बाया बाराला दिवा बघून नाल्यावर पाण्याला जातात.