ती गाडी लागलेली नव्हती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आगाराचे प्रमुख माननीय गायकर साहेब. मुद्दाम अलिबागहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर आश्लेषा. जिच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे ती सत्कारमूर्ती क्रांती म्हात्रे. आगारातले सर्व चालक, वाहक आणि कार्यशाळेतले बंधुभगिनी. आणि काशीद, बोर्ली, कोर्लईहून दुपारची झोप मोडून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो! मागे दाराशी उभ्या राहिलेल्या चालकबंधूंना विनंती, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. आज तुम्ही प्रवासी आहात, बसून घ्या.

मी किशोरी वर्तक. काशीदची. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे आणि घरची नारळी-पोफळीची वाडी बघते. एसटीशी माझं नातं तिकिटापुरतं. मग वाहकाच्या निरोपाला ही बाई माइकपाशी कशी, असं नव्या मंडळींना वाटत असेल. तर सांगते. क्रांती नसती तर मी आज नसते. निरोपाच्या भाषणात हे वाक्य अलंकार म्हणून वापरायची पद्धत आहे. मी व्याकरण शिकवलेली बाई आहे. मी ते शब्दशः वापरते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. माझा डावा जबडा दुखत होता. वाडीला शिंपण करायला गेले, नारळ उचलून ठेवले की दुखायचा. ओट्यावर येऊन बसले की थांबायचा. आता मला सांगा, नारळ उचलल्यावर दात दुखतो का हो? पण हा प्रश्न घरात, शेजारात कुणालाच पडला नाही. दमही लागत होता. शेजारीण म्हणाली, "किशोरी, आता वय झालं." दुसरी म्हणाली, "पाळी गेल्यावर असंच होतं." रक्तातल्या साखरेची गोळी चालू होतीच, तिच्या जोडीला पित्ताची आली. शेवटी आमचे हे, म्हणजे देवव्रत, समोरच बसलेत, म्हणाले, "चल, अलिबागला दाताच्या डॉक्टरला दाखवून येऊ." म्हणून आम्ही सकाळची एसटी पकडली. क्रांतीची गाडी. चालक होते विपुलदादा.

आपला किनाऱ्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. एक वळण संपलं की दुसरं उभं. बोर्ली सोडली आणि मला घाम फुटला. हवेत गारवा होता आणि माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणी तरी पाटा ठेवल्यासारखं जड झालं. पोटात ढवळायला लागलं आणि मी ओकले.

झालं! अख्खी गाडी डॉक्टर झाली. "गाडी लागली बाईंना!" "लिंबू द्या, लिंबू हुंगवा." "आवळासुपारी हाय का कोनाकडं?" एका आजींनी पिशवीतून पुडी काढून माझ्या हातात कोंबली. आमच्या ह्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि ते वर्तमानपत्राने वारा घालायला लागले. सगळ्यांची माया खरी होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या गाडीत वाईट माणूस एकही नव्हता.

मी म्हणाले, "मला गाडी लागत नाही." यावर गाडीतले तेच आवाज म्हणाले, "वयाप्रमाणे लागते."

तेवढ्यात पुढे तिकिटं देत असलेली क्रांती मागे आली. सीटचा दांडा धरून वाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, एवढी वर्षं तुम्ही माझ्या गाडीला येता. कधी झालंय असं?"

"नाही."

"मग आज काय वेगळं वाटतंय?"

"सांगता येत नाही गं. पाठीवर ओझं आहे. श्वास पुरत नाही. काही तरी फार वाईट होणार असं वाटतंय."

आमचे हे म्हणाले, "पित्ताचा त्रास आहे तिला."

क्रांतीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती मला म्हणाली, "तुम्ही सांगा. पित्ताचं वाटतंय?"

मी म्हणाले, "नाही. हे माझं नेहमीचं नाही."

"मग न्हाय," ती म्हणाली. "मी काय डॉक्टर न्हाय. पण नेहमीचं काय ते तुम्हालाच म्हाईत."

तिने तिथूनच १०८ लावला. जवळची रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. पलीकडचा माणूस म्हणाला, वाट बघत थांबू नका, बस चालू आहे तर थेट अलिबागला सरकारी दवाखान्यात आणा, आम्ही तिथे कळवतो. क्रांतीने पुढे हाक दिली, "विपुलदादा, आता मधी थांबायचं न्हाय. सरळ दवाखाना!"

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चौलला उतरणारे एक गृहस्थ उभे राहिले. "अहो, माझं दुकान उघडायचंय. एका बाईला गाडी लागली म्हणून सगळ्यांनी अलिबागला जायचं का?"

क्रांती त्यांना जे बोलली, ते मला त्या अवस्थेतही स्पष्ट ऐकू आलं. "काका, गाडी लागलेली निघाली, तर मी भर स्टँडवर तुमची माफी मागेन. न्हाय निघाली, तर तुम्ही बाईंची माफी कुठं जाऊन मागाल?"

ते गृहस्थ खाली बसले. रेवदंडा गेलं, चौल गेलं, नागाव गेलं. थांब्यावर हात करणारी माणसं मागे पडत गेली. विपुलदादांनी खड्डे असे चुकवले की, साहेब, खात्याने त्याचंच वेगळं प्रमाणपत्र द्यावं. दवाखान्याच्या दारात मला उचलून उतरवायला सगळ्यांत आधी कोण पुढे झालं असेल? तेच चौलचे दुकानदार.

आत डॉक्टर आश्लेषा होत्या. कुठे दुखतंय, कधीपासून, एवढंच विचारून त्यांनी लगेच ईसीजी काढला. पट्टीकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. आमच्या ह्यांना म्हणाल्या, "काका, हार्ट अटॅक आहे."

हे म्हणाले, "अहो, पण तिच्या छातीत कुठे दुखतंय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न नीट ऐका. हा प्रश्न माझ्या एकट्या नवऱ्याचा नाही. सिनेमात, नाटकात माणूस छातीवर हात दाबतो आणि कोसळतो. तो माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो. डॉक्टर आश्लेषांनी हात चालू ठेवूनच उत्तर दिलं होतं. म्हणाल्या, "बायकांच्याही छातीत दुखतं, काका. पण पुष्कळ जणींना नुसता दम लागतो, पाठ भरते, जबडा किंवा हात दुखतो, घाम येतो, मळमळतं. आणि मग घरचे म्हणतात, पित्त."

त्यांनी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, मग रुग्णवाहिकेतून पनवेलला पाठवलं. तिथे स्टेंट बसला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन रांगेत बसले असते, तर बहुधा तिथल्याच बाकावर संपले असते. आमचे हे मला सावरलेली बघून एवढंच म्हणाले, "मी तुला खिडकी दिली आणि मला वाटलं, माझं काम झालं." आणि रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रागावू नका हं, सांगितलं म्हणून.

मी घरी आल्यावर क्रांती भेटायला आली. हातात शहाळं. नारळाच्या वाडीत शहाळं घेऊन येणारी ही एकटीच! मी तिला विचारलं, "सगळी गाडी एक बोलत होती. तू माझंच का ऐकलंस?"

तिने शहाळं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बाई, माझी आय. सोनाबाई. भाताची लावणी चालली व्हती. मी तेव्हा लहान, बांधावर बसलेली. आय म्हणाली, पाठ भरून आलीय, मळमळतंय, जीव घाबरतोय. बाया म्हणाल्या, वाकून वाकून पाठ भरतेच, जा, पडवीत जरा पड. ती गेली, पडली. संध्याकाळी उठवायला गेलो, तर उठली न्हाय."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लोक म्हणतात, बाया दुखणं सांगत न्हायत. माझ्या आयनं सांगितलं व्हतं, बाई. कोनी आयकलं न्हाय."

तिच्या आईला नेमकं काय झालं होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण एवढं खरं, की ते शोधायला तिला कुणी नेलं नाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं, की उरलेलं आयुष्य याच एका विषयाची शिकवणी घ्यायची. बचत गटात गेले, मच्छीबाजारात गेले, हळदीकुंकवात वाण देताना बोलले. बायका कंटाळून म्हणतात, "आल्या वर्तकबाई, आता जबडा दुखणार." दुखू दे! मागच्या महिन्यात बोर्लीची मैना, मासळी विकते, ती पाटी उचलताना दम लागतो म्हणून दवाखान्यात गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत, रक्त मात्र कमी निघालं. ती ओशाळून मला म्हणाली, "बाई, उगाच गेले." मी तिला सांगितलं, उगाच नाही गेलीस. काही निघालं नाही, याची लाज वाटते म्हणून बायका घरी बसतात. त्या लाजेने जीव जातो. पित्त निघालं तर पित्ताची गोळी घेऊन हसत घरी या. पण ते पित्त आहे, हे डॉक्टरांनी सांगू दे, शेजारणीने नको.

आणि इथे बसलेल्या पुरुषमंडळींनो, घरातली बाई म्हणाली की हे माझं नेहमीचं नाही, तर वाद घालू नका. तिला पडून राहायला सांगू नका, एकटीला पाठवू नका. १०८ लावा. साखर असेल, रक्तदाब असेल, तर अजिबात वाट बघू नका.

क्रांती, आज तू निवृत्त होतेस. तुला शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळ तर तुला माझ्याकडून जन्मभर मिळतील. पण विश्रांती मिळणार नाही. आम्ही दोघींनी ठरवलं आहे, सोमवारपासून गावोगाव दोघी जाणार. पहिली सभा क्रांतीच्या माहेरी, सोनाबाईंच्या त्याच पडवीत. त्या दिवशी लावणीत असलेल्यांपैकी एक काकू अजून हयात आहेत. जा, जरा पड, असं सांगणाऱ्यांत त्याही होत्या. त्यांच्यावर आमचा कसलाही राग नाही. त्यांना जे ठाऊक होतं, ते त्यांनी मायेने सांगितलं. त्यांना बोलवावं की नाही, अशा विचारात क्रांती होती. तर काल त्यांचाच निरोप आला. म्हणाल्या, "मना फुडं बसव गो. मना आयकू कमी येतं."

गायकर साहेब, आपण मला बोलू दिलंत, डॉक्टर आश्लेषा, आपण पेशंट सोडून आलात, आणि आपण सगळ्यांनी चहा गार होईपर्यंत ऐकून घेतलंत, मी मनापासून ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, काही कमी-जास्त बोलले असेन, कुणाच्या नवऱ्याला टोचलं असेल, तर या मास्तरणीला पदरात घ्या. सोमवारी न येणाऱ्यांना मात्र मी पदरात घेणार नाही. नमस्कार.