दाराजवळच्या आकड्याला टांगलेला नमुना

आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक महोदय. त्यांच्या शेजारी विराजमान असलेल्या, ज्यांच्या काटेकोरपणाचा धाक मी सोळा वर्षे बाळगला त्या तपासणी विभागाच्या प्रमुख बाई. ओतकाम आणि भट्टी या दोन्ही विभागांतील माझ्या बंधुभगिनींनो. आणि भाषण लांबले तर घड्याळाकडे बोट दाखवीन असे घरूनच बजावून आलेल्या, पहिल्या रांगेतल्या आमच्या सौभाग्यवती. आपणां सर्वांना माझे विनम्र अभिवादन.

माझ्याविषयी आत्ता जे बोलले गेले ते ऐकताना, हा सद्गृहस्थ कोण, त्याला एकदा भेटायला हवे, असे मला वाटत होते. आपण मला निःस्पृह म्हणालात, सत्यवचनी म्हणालात. पहिले विशेषण मी आपल्या प्रेमाखातर स्वीकारतो. दुसरे मात्र आज घरी नेता येणार नाही. का, ते सांगण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या साच्यांचे जिणे मोठे खडतर. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम अंगावर यावे, पाठोपाठ थंड फवारा बसावा, आणि हे दिवसातून शेकडो वेळा. अशाने पोलादावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात. ते लवकर उमटू नयेत म्हणून आम्ही साचा बंद भट्टीत, अमोनियाच्या वायूत, तासन्‌तास तापवतो. वायूतला नायट्रोजन हळूहळू मुरतो आणि वर केसाएवढ्या जाडीची कठीण कातडी धरते. आतले पोलाद चिवटच राहते. वरून कठोर, आतून सोशिक. पण साचा कापून ही कातडी मोजायची कशी? म्हणून त्याच पोलादाचा बोटभर तुकडा सोबत ठेवायचा आणि मागाहून तो कापून पाहायचा. त्याला आम्ही नमुना म्हणतो. नियम असा, की नमुना साच्याच्या खोल पोकळीत ठेवावा. कारण वायू तिथेच सर्वांत कमी पोचतो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, ओतकामाच्या तीन नंबरच्या यंत्रावर माझा सख्खा धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेले. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवले, पोथीतल्या ओव्या म्हणायला शिकवले. तो मला मान देई आणि टिंगलही करी. भट्टीच्या दारात येऊन म्हणे, “दादा, साचा तापवायला दिलाय की समाधीला बसवलाय? उठव की त्याला!” मी म्हणे, “तप पुरे होऊ दे. तू तुझी घिसाडघाई आवर.” पण तो घिसाडघाई करणारा नव्हता. पहिले ओतण करण्याआधी तो साचा बर्नरने शेकून घेई, वर पाण्याचा थेंब टाकी, आणि थेंब नाचू लागला की मगच यंत्राला हात लावी. गार साच्यावर धातू ओतला तर साचा तडकतो, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

बावीस वर्षांपूर्वी एक मोठा साचा लाखभर ओतणांच्या अपेक्षेने चढवला आणि नऊ हजारांतच तडकला. याच सभागृहात चौकशी बसली. मी कापलेला नमुना टेबलावर ठेवला. कातडी पुरेपूर होती. म्हणजे भट्टी निर्दोष, दोष ओतकामाचा. साचा न शेकता वापरला, असा ठपका आला.

धाकटा उभा राहिला. “थेंब नाचेपर्यंत शेकलाय मी. रोज शेकतो.”

मी, त्याचा थोरला भाऊ, म्हणालो, “माझा पुरावा समोर आहे. तुझा कुठे आहे?”

तो हळूच म्हणाला, “दादा, तू रोज डबा द्यायला येतोस. साचा शेकून होईपर्यंत शेजारी उभा असतोस. मी काय सांगू?”

श्रोतेहो, मी खाली पाहिले. मी एवढेच म्हणालो असतो, ‘होय, मी पाहिले आहे’, तर काय झाले असते? माझ्या भट्टीकडे बोट वळले असते. बस्स. त्याला यंत्रावरून काढून माल चढवायच्या धक्क्यावर पाठवले. चौथ्या दिवशी त्याने राजीनामा दिला आणि गावही सोडले.

सहा वर्षांनी या बाई इथे रुजू झाल्या. त्यांनी एकाच खेपेत दोन नमुने ठेवायला लावले. एक पोकळीत, आणि दुसरा दाराजवळच्या आकड्याला, जिथे मी माझा नमुना टांगत असे. का टांगत असे? आत वाकावे लागू नये म्हणून. कंबर दुखे म्हणून. दाराजवळच्या नमुन्याची कातडी पुरेपूर भरली. पोकळीतल्याची निम्मीसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, “काका, हा आकडा काढून टाका.” मी तो त्याच दिवशी काढला. बोललो मात्र कुणाजवळ नाही.

घरात लपत नाही. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, “पहाटे देवापुढे तासभर बोलता. भावापुढे दोन वाक्यं बोलायला जीभ का अडते?” ज्या ग्रंथांची मी आयुष्यभर पारायणे केली, त्यांतल्या कोणत्याही श्लोकात मला याचे उत्तर सापडले नाही.

दर रविवारी त्याचा फोन येतो. माझ्यासाठी नव्हे, वहिनीसाठी. मी शेजारच्या खोलीत पोथी उघडून बसतो. त्या वेळी एक ओळ पुढे सरकत नाही. शेवटी तो विचारतो, “दादाचा खोकला कसा आहे?” हे कळल्यापासून, आपल्याला हसू येईल, मी रविवारी जरा मोठ्याने खोकतो. त्याच्या घरापर्यंत माझे तेवढेच पोचते.

गतवर्षी धीर करून मी त्याला सगळे लिहून कळवले. त्याने वहिनीजवळ निरोप दिला, “पत्र मिळालं म्हणावं. पण मला खोटं पाडलं ते भरल्या सभेत, आणि माफी पाकिटात?”

म्हणून, सज्जनहो, ज्या सभागृहात ते घडले तिथेच उभा राहून सांगतो: साचा माझ्या चुकीने तडकला. माझ्या भावाने तो नीट शेकला होता, आणि मी ते डोळ्यांनी पाहिले होते.

अध्यक्ष महोदय, निरोपाची भेट म्हणून मला एकच वस्तू द्यावी: त्या चौकशीच्या कागदावर दुरुस्तीच्या दोन ओळी. आपण मान डोलावलीत, आभारी आहे. परंतु डोलावलेली मान पिशवीत घालून नेता येत नाही. सही लागेल.

घड्याळाकडे बोट गेले आहे, तेव्हा आवरतो. आपण सर्वांनी चौतीस वर्षे मला सांभाळून घेतलेत, त्याचे ऋण मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिकउणे झाले असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावे. त्यांत ही चूक धरू नये. तिची क्षमा आपल्या हाती नाही. ती ज्याच्या हाती आहे त्या माणसाकडे मी उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे. तो दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. नाहीच उघडले तर पायरीवर बसून राहीन. उद्यापासून मला कुठे कामावर जायचे आहे?