तीनशे साठ देठ

नाही, ओट्यावर नको चढू. तिथंच बस, त्या गाडीच्या जुवाजवळ, सावली आहे तिथं. — देतो, पाणी देतो ना, पाण्याले कोण नाही म्हणते. पण आवाज हळू ठेव. बाकी सारे वेचणीले गेले आहेत, एकटी तानुबाई मागच्या अंगणात सरकी वाळवून राहिली, तिच्या कानावर जाईल. — हो, तुझीच बायको, म्हणूनच तं म्हणतो. कसं सांगू तुले, सहदेवा. तू माझा पाठचा भाऊ, एका ताटात जेवलो आपण, वेशीपासूनच ओळखलं मी तुले, चालण्यावरून — पण तुले मरून दोन वर्षं होत आली. हसू नको. हसण्यासारखं नाही ते. तुझं दहावं झालं, तेरावं झालं, भातकुलीतली सारी घरं तुझ्या नावानं वरण-पोळी जेवून गेली, अन् वरणात मीठ कमी होतं म्हणून नावंही ठेवून गेली. ज्याचं सारं क्रियाकर्म झालं, त्यानं उंबरठा ओलांडला तं ते घर बसते म्हणतात. मी नाही म्हणत. म्हणतात.

फेटा आला होता ना तुझा. नत्थुजी गाडीवान घेऊन आला, तू कापूस घेऊन अकोल्याले निघाला त्याच्या अठराव्या दिवशी. म्हणाला, मूर्तिजापूरच्या अलीकडं सहदेवले पटकी झाली, हातापायाले गोळे, डोळे खोल गेले, बोलता येईना. धर्मशाळेत ठेवला — नाही, धर्मशाळेच्या बाहेर, आत कोणी घेईना — बाभळीखाली ठेवला, उशाशी पाणी ठेवलं अन् आमी पुढं निघालो. मी विचारलं, मेला का? तं म्हणते, भाऊ, मेल्यातच जमा. आता मेल्यातच जमा, हे काय कोणाच्या मरणाचं सांगणं झालं? पण गाड्यांवर माल होता, ठरल्या दिवशी अकोल्यात पोचवायचा होता, अमेरिकेत लढाई लागलेली, भाव असा की रुईले सोनं म्हण — तेव्हा माणूस थांबला तरी गाडी थांबत नव्हती. येताना त्यानं पाहिलं तं बाभळीखाली कोणी नाही. फेटा तेवढा फांदीले अडकलेला. मढं कोणी पाहिलं नाही. — मी गेलो होतो ना पाहाले. गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. बडनेऱ्यापर्यंत गेलो, तिथं लोक म्हणाले पुढं मरी आहे, अन् मी परतलो. माझी छाती कशी आहे ते तुले माहीत आहे.

भटजी म्हणाला तेच तू म्हणून राहिला. मढं नाही तं बारा वर्षं वाट पाहावी लागते, मग पळसाचा पुतळा करून त्याले अग्नी द्यायचा. शास्त्र आहे, मले का ठाऊक नाही? भटजी म्हणाला, खुशालराव, शास्त्र बारा वर्षं सांगते, तुमी बारा आठवडेही नाही थांबले. — घाई काहून? घाई नव्हती. थोडी होती. एक कागद होता.

आता कागदाचं सांगतो, मधात बोलू नको. विमा आपल्याले काही नवा नव्हता. कापसाच्या गाड्या निघाल्या की पेढीवाला विमा उतरवते, वाटेत लुटल्या, जळाल्या, पुरात गेल्या तं तो भरून देते — हे तं तुले माहीत आहे. मग अमरावतीच्या बाजारात मुंबईच्या एका कंपनीचा माणूस येऊन बसला. मले म्हणते, खुशालराव, गाडीतल्या रुईचा विमा आहे, मग गाडी हाकणाऱ्याचा काहून नाही? मले हसूच आलं. म्हटलं, माणूस म्हणजे काय रुईची गठाण आहे का? पण ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं. अन् मी माझाच उतरवाले गेलो होतो, सहदेवा, बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, माझा स्वतःचा. तं त्यांच्या डॉक्टरनं छाती ठोकली, कान लावला अन् मान हलवली. दमा. म्हणते, घरात दुसरा कोणी धडधाकट आहे का? हे त्यानं विचारलं. मी नाही.

मग तुले नेलं. — आठवते ना? मी तुले सांगितलं होतं की साहेबाच्या कारखान्यात वजनाच्या काट्यावर माणसं पाहिजेत, तपासून घेतात. तू सदरा काढून उभा राहिला, जीभ काढली, अन् डॉक्टरले म्हणाला, साहेब, बैल घेऊन राहिले का, मग दातही पाहा. सारे हसले. मीही हसलो. मग त्या कागदावर तू तुझ्या हातानं नांगराची निशाणी काढली, चांगली मोठी, फाळासकट. वाचून काहून नाही दाखवला म्हणते? तू ऐकला असता? कागद समोर आला की तुले जांभई यायची. वाचणारा मी, शाळेत चार बुकं मी शिकलो, बापानं वाटणीच तशी केली होती — तुले नांगर, मले कागद. अन् सांगितलं नाही ते यासाठी, की जित्या माणसाच्या मरणावर पैसा लावला हे त्याले कळलं तं त्याचं आयुष्य तुटते. — कोण म्हणते? म्हणतात.

आता ते कुठून काढलं तू. — हो, होती. त्या खेपेले गाडीवर जायची पाळी माझी होती. पण दमा उखळला होता. नाही, उखळला नव्हता, उखळेल असं वाटून राहिलं होतं. मूर्तिजापुरात मरी आहे हे माहीत होतं का? बाजारात बोलत होते. बाजारात काय, लोक काहीही बोलतात. ऐकलं होतं, माहीत नव्हतं. हे पाहा, सहदेवा, मी तुले मराले नाही पाठवलं. एवढं तं मान. कागद पेटीत नसता तं मी दोनदा विचार केला असता. कागद होता म्हणून एकदाच केला. फरक एवढाच. मी पुष्कळदा बसून तपासलं आहे हे, या ओट्यावर, तू बसला तिकडंच पाहत — अन् दर वेळी फरक एवढाच निघते, याहून कमी नाही निघत.

तं कंपनी म्हणे, मेल्याचा पुरावा पाहिजे. पाटील म्हणे, मढं पाहिल्याशिवाय मी मेला लिहून देणार नाही. पण तुमी रीतीनं अग्नी दिला, सुतक पाळलं, तं तेवढं लिहून देईन. म्हणून पळस. तीनशे साठ देठ लागतात पळसाच्या पानांचे. डोक्याले इतके, छातीले इतके, हाताचे, मांडीचे, बोटांचे सुद्धा ठरलेले. मीच आणले, मीच मोजले. नारळाचं डोकं केलं, देठ लोकरीच्या दोऱ्यानं बांधले, जवाचं पीठ लिंपलं, वरून तुझा तोच फेटा. अन् खरं सांगू, बांधून झाल्यावर तो तुझ्यासारखा दिसून राहिला. तानुबाई पुढं आली, खाली वाकून पाहिलं अन् म्हणाली, भाऊजी, हे ते नव्हेत. एवढंच. मग बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, रडली नाही ती. तुझा जोडा, तुझं घोंगडं, तो काठाले पोचा पडलेला तांब्या, ज्यानं तू वावराच्या धुऱ्यावर बसून पाणी प्यायचा — सारं तेराव्याले भटजीले दान दिलं. गाठोडं तिनंच बांधून दिलं. पुढं लोक म्हणाले, तरणी आहे, पाट लावून द्या. तं म्हणे, नवरा जिता असलेल्या बाईचा पाट लागते का? सारे म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला.

एक मात्र तुले सांगतो, कोणाले सांगितलं नाही. देठ तीनशे एकोणसाठ भरले. अग्नी हातात घेतलेला, लोक ताटकळलेले, पळस कोसभर दूर. मी शेजारच्या वावरातली पऱ्हाटी मोडली, कापसाची एक काडी, अन् घातली पोटात. भटजीले म्हटलं, पूर्ण आहेत. तू जिता राहिला ना — मले वाटते, ते त्या काडीनं. एक देठ खोटा होता म्हणून तू पुरता नाही जळाला. हसून राहिला तू. शिकलेला माणूस असं बोलते म्हणून हसते ना? हास. मी दोन वर्षं त्या काडीचा विचार करून राहिलो.

उपाय आहे का? उपाय आहे. शास्त्रात सारं आहे. क्रिया झालेला माणूस परत आला तं त्याले तुपानं न्हाऊ घालतात, लेकरासारखा कपड्यात गुंडाळतात, पुन्हा बारसं करतात, नाव ठेवतात, अन् त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावतात. मग तो जिता. मी भटजीले सारं विचारून ठेवलं आहे, काय काय लागते ते. — केव्हा विचारलं? असंच. परसाल. — काहून म्हणजे? सहज. बोलता बोलता निघालं. — अरे, मेलेल्या भावाचं विचारते माणूस, त्यात काय — 

असा पाहू नको माझ्याकडं.

पुंजाराम तुले भेटला का वाटेत? — बरं. मग तुले माहीतच आहे तं मले कशाले बोलतं करून राहिला इतका वेळ. हो, आला होता पुंजाराम, अकोल्याच्या बाजारावरून येताना. उभ्या उभ्या सांगून गेला, सहदेव जिता आहे, अकोल्यात रुईच्या कारखान्यात गठाणी बांधते, पाय अधू झाला आहे, चालवत नाही, गाडी पाठवा म्हणते. तू निरोप पाठवला होता. बरोबर आहे. मी त्याले म्हटलं, पाठवतो. अन् आत येऊन बसलो. कंपनीचा माणूस पुढच्या बुधवारी येणार होता, सहदेवा. आठ दिवस राहिले होते. म्हटलं, आठ दिवसांनी पाठवू. मग तो आला, पैसे मिळाले, अन् पैसे मिळाल्यावर गाडी पाठवायची कशी? त्या पैशाचं शेजारचं वावर घेतलं, विहीर बांधली. मग तिकडं लढाई थांबली, भाव कोसळला. ते वावर नसतं तं आज पोरं उपाशी असती, तुझी पोरगी सुद्धा. तुझ्याच मरणावर जगून राहिले सारे. तुले वाटते मले तुले तुपात न्हाऊ घालाचं नाही? पण बारसं झालं की दवंडी होते, दवंडी झाली की अमरावतीले कळते, अन् मग मी काळ्या पाण्यावर, वावर जप्त, अन् तानुबाई कोणाच्या दारात? एवढा हिशेब तूच करून पाहा. तू एकटा मेलेला राहिला तं पाच जण जगतात.

एक सांगू? काल-परवापर्यंत मले वाटत होतं, तू आला तं मी तुले मिठी मारीन. वेशीवर तू दिसला, लंगडत, अन् माझ्या मनात पहिलं काय आलं — हा कोणाकोणाले दिसला असेल? पहिलं तेच आलं. मिठी नंतर आली.

तं आता असं कर. अकोल्याले नको, तिकडं तुले ओळखतात. तिवस्याकडून नागपूरच्या सडकेले लाग, तिकडं सडकेच्या कामावर माणसं घेऊन राहिले. नाव दुसरं सांगजो. नांगराची निशाणी काढू नको, दुसरं काही काढ, विळा काढ. मी दरसाल येईन पाहाले. — येईन म्हणजे, येण्याचा प्रयत्न करीन. ऊठ. माणसं वेचणीवरून येतील आता.

पाणी? हो, पाणी राहिलंच. दहा दिवस रोज दगडावर तुले पाणी दिलं, अन् आज — थांब, आणतो. फेटा ओढ तोंडावर, पायरी वाजली.

तानुबाई, तू कशाले आली बाहेर? कोणी नाही. वाटसरू आहे, तिवस्याची वाट विचारून राहिला होता. चालला. पाणी मागते, आणलंच आहे तं दे, पण दुरून ओत, ओंजळीत, काय जातीचा काय ठाऊक. — अगं, ओंजळीत म्हटलं, हातात काहून देऊन राहिली —

तानुबाई. तो पोचा पडलेला तांब्या कुठून काढला? तो तं तेराव्याले, गाठोड्यात, मी स्वतः —