सूर्य धरला, बबन राहिला

मी मूळचा मालवणकडला. मुंबईत आलो तो डिलाईल रोडच्या चाळीत, मामाकडे. मामा गिरणीत, मामाची पोरं गिरणीत, मला कापसानं दम लागायचा म्हणून लालबागच्या एका फोटो स्टुडिओत चिकटवलं. तिथले मास्तर एकच सांगायचे, उगवता सूर्य काढायचा तर आधी ठरव, सूर्य हवाय की माणूस. सूर्याला धरून उजेड मोजलास तर पुढचा माणूस काळा येणार, माणसाला धरलंस तर मागे सगळं पांढरं फटक. दोन्ही मिळत नाय रे. पाठ होतं मला हे, तेच तर सांगतोय.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, काय सांगू तुम्हाला, चाळ झोपायचीच नाय. पहाटे प्रभातफेरी निघायची, बाया-पुरुष सगळे, आणि पुढे झेंडा घेऊन आमचा बबन. बबन म्हणजे शेजारच्या खोलीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, आम्ही एका ताटात जेवलेलो. मी त्याला म्हटलं, उद्या फेरी पुलावर चढेल तेव्हा मी समोर उभा राहतो, तुमच्या मागून सूर्य येईल. तर म्हणाला, रे, माझा तोंड नीट घे हां, आयेक एक फोटो होयो आसा, जन्मात काढूक नाय. मी म्हटलं, घेतो रे.

घेतो म्हटलं आणि घेतलं नाय. माझ्या डोक्यात फोटोंचं प्रदर्शन, तिथे आपला फोटो लागावा. पुलावर आले सगळे, मागे सूर्य लालभडक, आणि बबन माझ्यासाठी थांबला हो, मागचे घोषणा देतायत आणि हा थांबून हसतोय. मी भिंगाचं तोंड बारीक केलं आणि सूर्य धरला. एक काढला, दोन काढले, तीन काढले. एक, एकच त्याच्यासाठी उजेड वाढवून काढला असता तर काय बिघडलं असतं? पण सूर्य वर सरकत होता आणि मला तोच दिसत होता.

प्रदर्शनात लागला तो फोटो. लोक म्हणाले, वा, काय पहाट आहे. बबनला दाखवायची हिंमत झाली नाय, आज देतो, उद्या देतो करत राहिलो. आणि पावसाळ्यात टायफॉइडनं तो गेला, आठ दिवसांत.

तेरावं झाल्यावर त्याची आई आली. मोतीबिंदूनं तिला धड दिसायचं नाय. म्हणाली, झिलाचो फोटो आसा मां तुझ्याकडे? तो सांगी होतो. तेव्हाच सांगायचं होतं, काकी, मी सूर्य घेतला, तुझा मुलगा घेतला नाय. आणि मी म्हटलं, आहे.

मग मोठी प्रत काढली आणि त्या काळ्या तोंडावर रंगानं तोंड काढलं, आठवून आठवून. नाक आलं, हसू आलं, डोळे काय जमेनात. शेवटी आरशात बघितलं आणि माझेच काढले. लाज वाटते सांगायला, पण काढले.

फ्रेम करून दिला तेव्हा काकीनं काचेवरून हात फिरवला, मग माझ्या तोंडावरून फिरवला, म्हणाली, देव तुझा बरा करो. दर वर्षी श्राद्धाला माझं पान त्या फोटोसमोर. मी जेवलो, काय करणार, दर वर्षी जेवलो.

एका वर्षी वाढता वाढता बबनची बहीण शालू हळूच म्हणाली, दादा, हे डोळे बबनचे नायत, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आयेला सांगू नका.

काकी गेली, तिला कळलं नाय. शालू आता प्रभादेवीला असते, फोटो तिच्याकडे, तिची नातवंडं परीक्षेला जाताना त्याच्या पाया पडून जातात. मी जातो कधीमधी. ती म्हणते, जाऊ द्या दादा, आता काय त्याचं. देव तिचं भलं करो, मोठ्या मनाची बाई. पण मी डोळे मिटून बबनला आठवायला जातो ना, पुलावर थांबलेला, तर तोंड तेच येतं, मी रंगवलेलं. त्याचं खरं तोंड तेव्हा माझ्या समोरच होतं, त्या पुलावर, आणि आता ते मलाही सापडत नाय.