मैदानातल्या खुर्च्या

(भूकंपग्रस्तांच्या छावणीतलं मोकळं मैदान. खेळ शिकवणाऱ्या ताई आणि छावणीचे व्यवस्थापक.)

ताई : पाहुणे उद्या येणार ना? मग खुर्च्या आजच का आणून टाकल्यात माझ्या मैदानात?

व्यवस्थापक : तुमचं मैदान? अहो, अख्खी छावणी माझ्या डोक्यावर आहे. पाणी बघू, औषधं बघू, की तुमचा चेंडू बघू? दोन दिवस पोरं खेळली नाहीत तर काय आभाळ कोसळणार आहे?

ताई : त्यांच्या अंगावर घरं कोसळलीत, साहेब. जरा जपून बोला.

व्यवस्थापक : ...चुकलं. पण माझंही ऐका. पाहुण्यांना मुलांचा खेळच बघायचाय. नवे कपडे घालून रांगेत उभी करा, हातात चेंडू द्या. फोटो काढतील, जातील.

ताई : म्हणजे खेळ दाखवायचा म्हणून खेळ बंद! धन्य आहे तुमची!

व्यवस्थापक : चिडताय कशाला?

ताई : मग काय ओवाळू तुम्हाला?

भिंगरी (छावणीतली एक मुलगी, धावत येत) : ताई, या खुर्च्या कुठून आल्या? आज खेळ नाही?

व्यवस्थापक : ए पोरी, अनवाणी का फिरतेस? छावणीत आल्याआल्याच नवे बूट दिले ना तुला?

भिंगरी : ते काय, झाडाखाली काढून ठेवलेत.

ताई : भिंगरे, पळ. गडी गोळा कर, मी आलेच. ...गेली. साहेब, ही पोर बूट घालून झोपते. रात्री जमीन हलली तर पळता यावं म्हणून. आंघोळीलासुद्धा काढत नाही, आईशी रोज झटापट. इथं आली की आपणहून काढते. मी एकदाही सांगितलेलं नाही.

व्यवस्थापक : आमचा धाकटा दिवा मालवू देत नाही. आईचा हात धरल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकत नाही.

ताई : आणि हे मला आज सांगताय? इतके दिवस आणला का नाहीत त्याला?

व्यवस्थापक : वेळ कुठाय हो मला! ...(कामगारांना) अरे ए, खुर्च्या उचला त्या! हो, सगळ्या! मैदानाच्या कडेला, भिंतीकडे न्या!

ताई : मग पाहुणे?

व्यवस्थापक : बसतील भिंतीला टेकून. ...ताई, तो फार घाबरट आहे हं.

ताई : इथं सगळेच घाबरट आहेत, साहेब. आणा त्याला.