यादीतून माझं नाव काढा

मी मूळची अमरावतीची, लग्न होऊन नागपूरले आली अन् मग यांच्या नोकरीपायी इकडं मिशिगनात, ट्रॉयले. हे मोटारीच्या पार्टांची ड्रॉइंगं करतात अन् मी आयटीतल्या पोट्ट्यायले डबे करून देते, पुण्याचे, मुंबईचे, सगळे व्हिसावरचे, काकू काकू करत येतात अन् तिखट कमी टाका म्हणतात, म्हणलं बाप्पा, मग तिले भाजी कायले म्हणायची.

तर मी लायसन रिन्यू करायले गेली होती अन् खिडकीतल्या बाईनं विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का, मी म्हणलं येस येस. आता काय सांगू तुम्हाले, आपल्याकडं यादीत नाव नसलं म्हणजे माणूस जिता असून मेल्यासारखा, माझे बाबा दर निवडणुकीआधी शाळेत जाऊन यादी पाहून येत, अन् इथं बाई स्वतःहून विचारते, नाही काहून म्हणू? मतदाराचं कार्ड घरी आलं, मी हळदकुंकू लावून देवापाशी ठेवलं. माझी मुलगी मृणाल, इथंच जन्मलेली, तिनं पाहिलं अन् पांढरीफटक पडली, आई, यू आर नॉट अ सिटिझन, ग्रीन कार्डवाल्यांनी नाव नोंदवणं गुन्हा आहे, दे कॅन डिपोर्ट यू. अन् माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू दोन महिन्यांवर आलेला. हे म्हणाले, गप राहा, कोणाले कळत नाही.

साल होतं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं. निवडणुकीले दोन माणसं उभी, एक म्हणे बाहेरून आलेले सगळे परत धाडीन, व्हिसावाले तर पहिले, दुसरा म्हणे कारखाने सरकारजमा करीन अन् मालकांना तुरुंगात टाकीन. इकडे आड तिकडे विहीर. हे दुसऱ्याले भ्यायचे, मी पहिल्याले. गल्लीत कोणी कोणाशी बोलेना, एकाच्या अंगणातली प्रचाराची पाटी कोणीतरी जाळली, डबा न्यायले आलेले पोट्टे गाडीतून उतरायले भीत. शेजारची लिंडा, दर दिवाळीत माझा चिवडा खाणारी, तिच्याही अंगणात त्या परत धाडणाऱ्याची पाटी. मी विचारलं हे काय, तर म्हणते, नॉट यू हनी, ते बाकीचे. म्हणलं बाकीचे कोण, जे माझ्याकडं जेवतात ते? ती अंगणातली पानं झाडू लागली.

टीव्हीवर रोज सांगत, आपल्या राज्यात एकेक मत मोलाचं. मले चैन पडेना, म्हणलं नाव आहे, कार्ड आहे, त्या पोट्ट्यांसाठी टाकावं मत, पाप लागलं तर लागलं. मतदानाच्या दिवशी घरात कोणाले न सांगता गेली.

शाळेच्या जिममध्ये ही मोठी रांग, दाराशी त्या परत धाडणाऱ्याचे दोन लोक उभे, माझ्यासारखा चेहरा आला की डोळे फाडून पाहत, अन् टेबलाशी यादी घेऊन कोण, तर लिंडा! यादीवर बोट फिरवून म्हणते, हिअर यू आर, अन् एक कागद सरकवला, सही कर म्हणाली. त्यावर छापलेलं, मी अमेरिकेची नागरिक आहे. पेन हातात, मागं रांग. लिहवेना हो खोटं, कितीदा पेन टेकवलं, लिहवेना. शेवटी म्हणलं, लिंडा, मी सिटिझन नाही, यादीतून माझं नाव काढा.

दाराशी उभे होते ते दोघं पुढं आले, एकानं माझं नाव लिहून घेतलं. लिंडा खाली मान घालून हळूच म्हणाली, सही केली असतीस तर मी काही बोलले नसते. म्हणलं, तुले माहीत होतं? म्हणते, आय न्यू. मी कोरा कागद तिच्यापुढं ठेवला अन् मत न टाकताच बाहेर पडली.

तो परत धाडणाराच निवडून आला, आपल्या राज्यात तर अगदी थोडक्यात. व्हिसावाल्यायले आतापासूनच कंपन्या काढू लागल्या, पोट्टे एकेक करून चालले, जाताना पाया पडतात, मी म्हणते जिथं जाल तिथं सुखी राहा रे, अन् आत येऊन रडते. इंटरव्ह्यूत साहेबानं विचारलं, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, मी म्हणलं हो. निकाल अजून आला नाही, कदाचित आम्हालेही निघा म्हणतील.

पस्तावा होतो का विचारता? होतो, रोज कणीक मळताना होतो, आता थोडीच लागते ना कणीक. अन् उद्या परत त्या टेबलापुढं उभी केली तरी सही नाही व्हायची माझ्याच्यानं. जाऊ द्या, तुमचं भलं होवो, बसा, दोन घास खाऊन जा.