पोलीस व्हॅनमधली झोप

यार, नेटवर माझं नाव टाकलं की पहिली तीच बातमी यायची: 'विक्रोळीत पाण्यासाठी मोर्चा, तरुणांना अटक.' कोर्टाने मला केव्हाच सोडलं, पण बातमी काही सोडेना. लग्न ठरल्यावर त्या वेबसाइटच्या मागे लागून ती काढायला लावली आणि मगच धीर करून प्राजक्ताला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुझं नाव कळलं त्याच दिवशी मी ती बातमी बघितली होती. फोटोत व्हॅनमध्ये सगळे घोषणा देतायत आणि तू हवालदाराच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपलायस. खाडीचा वारा येत असणार ना?"

"येत होता गं. स्वप्नसुद्धा पडलं."

"म्हणून तर हो म्हटलं. पण काढलीस कशाला रे? झोप येत नसली की मी तोच फोटो बघायचे."